दोनदा नको

सकाळी सव्वासातला मार्लिस टोरव्हिक स्ट्रॉबेऱ्या धूत होती. एकेक वेगळी. नळाखाली धरायची, देठाजवळ अंगठ्याने चोळायची, उलटी करून पुन्हा धरायची आणि मग कागदी रुमालावर ठेवायची. बारा स्ट्रॉबेऱ्यांना दहा मिनिटं लागली. मग तिला वाटलं, सातवी नीट धुतली गेली नाही. सातवी कुठली ते आठवेना, म्हणून तिने सगळ्या पुन्हा धुतल्या.

शेगडीवर तीन अंड्यांचं ऑम्लेट होतं, आत कॉटेज चीज. ते तिने उलथन्याने दाबून पाहिलं, सुरीने मधोमध चिरून पाहिलं आणि तरी आणखी दोन मिनिटं ठेवलं. आता त्याचं चामडं झालं होतं. पण चामडं झालेलं चालेल, कच्चं राहिलेलं चालणार नाही, असं तिला सांगितलेलं होतं.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो तिचा नवरा लाइल टेबलाशी बसून कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न करत होता. हात थरथरत होते. गेल्या आठवड्यापर्यंत फक्त उजवा थरथरायचा.

"थंडी वाजते का?" मार्लिसने विचारलं.

"नाही गं. बरं आहे."

अमेरिकेतल्या आमच्या या उत्तर मिनेसोटात माणसाचा पाय यंत्रात सापडला तरी तो 'बरं आहे' म्हणेल. त्यामुळे या उत्तराचा मार्लिसला काडीचाही उपयोग नव्हता. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि कप अर्धा रिकामा करून पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

तिची डावी किडनी ऑगस्टपासून लाइलच्या पोटात होती. त्याआधी दोन वर्षं त्याने डायलिसिसवर काढली होती आणि त्या दोन वर्षांत त्याच्या अंगावरचं मांस उतरून गेलं होतं. शस्त्रक्रिया झाल्यावर हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईने सांगितलं, सकाळी पोटभर प्रथिनं द्या, ताजी फळं द्या, जंतूंशी लढायची ताकद आता कमी असेल, म्हणून सगळं धुऊन आणि शिजवून द्या. एक छापील कागदही दिला. काय चालतं ते एका बाजूला, काय चालत नाही ते दुसऱ्या बाजूला. मार्लिसने तो फ्रिजवर लावला आणि कामाला लागली. सव्वीस वर्षं तिने शाळेच्या भटारखान्यात चारशे पोरांना जेवू घातलं होतं, कधी एकाचं पोट बिघडलं नव्हतं. एका नवऱ्याचं काय मोठंसं!

सोमवारी ऑम्लेट, मंगळवारी घट्ट दही, त्यात ब्लूबेरी आणि अक्रोड. बुधवारी ओट्सच्या खिरीत फेटलेला अंड्याचा पांढरा भाग, वर पीचच्या फोडी. गुरुवारी टर्कीचं सॉसेज आणि घेवडा, सोबत नासपती. सॉसेजच्या पोटात ती तापमापक खुपसायची आणि आकडा पाहिल्याशिवाय ताटात वाढायची नाही. नाताळपर्यंत लाइलचं वजन अठरा पौंडांनी वाढलं. गालांवर रंग आला. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "अगं, काय घालतेस काय त्याला? आमच्या म्हाताऱ्यालाही थोडं पाठव." मार्लिस वरवर लाजायची, पण मनातून फुगून जायची.

मग जानेवारीत फोन सुरू झाले.

लाइलचं रक्त दर सोमवारी गावातच काढायचे आणि आकडे हॉस्पिटलातली नर्स पॉलेट कळवायची. किडनी रक्तातली घाण किती काढते ते एका आकड्यावरून कळे. तो कमी असलेला बरा. नाताळपर्यंत तो एक पूर्णांक दोन होता. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी दीड झाला.

"आणि गोळीचं प्रमाणही रक्तात फार वाढलंय," पॉलेट म्हणाली. "शरीराने ती किडनी परकी म्हणून टाकू नये, त्याची गोळी. पण तीच जास्त झाली की किडनीला मारते. चुकून दोनदा घेतली का त्याने?"

"मी स्वतः मोजून देते. सकाळी आठला एक, रात्री आठला एक."

"नवीन औषध काही? जुलाब? ग्रेपफ्रूट?"

"आमच्या घरात ग्रेपफ्रूट येत नाही," मार्लिस म्हणाली. "ऑगस्टपासून एकही आलेलं नाही." पपनसासारखं ते कडसर फळ कागदावर 'चालत नाही'च्या बाजूला सगळ्यात वर होतं.

फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला होता. लाइल समोर बसून खिडकीबाहेर बघत होता.

गोळी कमी केली. पुढच्या सोमवारी आकडा एक पूर्णांक आठ. गोळी कमी करूनही रक्तातलं प्रमाण चढलेलंच. पॉलेटने पुन्हा तेच प्रश्न विचारले आणि मार्लिसने पुन्हा तीच उत्तरं दिली, या खेपेला जरा तोडून. पॉलेट म्हणाली, गोळी आणखी कमी करू, पण फार कमी केली तर शरीर उलटेल. दोन्हीकडून धोका आहे.

फोन ठेवल्यावर मार्लिस फ्रिज उघडून उभी राहिली. अंडी, दही, चीज, बेऱ्या, सॉसेज. यातलं काहीतरी त्याला मारत होतं आणि ते तिनेच आणलेलं, तिनेच शिजवलेलं, तिनेच पुढ्यात वाढलेलं होतं. दुसरं कोण वाढणार? आपण आपलीच किडनी आपल्याच हाताने मारतोय, असं तिला वाटलं.

त्या दिवशी तिने ब्लूबेरी बंद केली. दोन दिवसांनी अक्रोड. मग दही बंद केलं, कारण त्यात जिवंत जंतू असतात. मग पीच, मग घेवडा. लाइलच्या पुढ्यातली बशी रोज थोडी रिकामी होत गेली आणि त्याने एकदाही विचारलं नाही की अमुक कुठे गेलं. रात्री ती कुशीवर पडून त्याचा श्वास ऐकायची. आपल्या अंगावरच्या डाव्या बाजूच्या व्रणावर हात ठेवायची आणि मनात म्हणायची, तिकडे नीट राहा गं बाई, नीट राहा. मी अशी माझ्याच तुकड्याशी बोलतेय हे कुणाला कळलं तर वेड्यात काढतील, हेही तिला कळत होतं.

आज सोमवार होता. सकाळी सहालाच रक्त देऊन आले होते. लाइलने चामड्याचं ऑम्लेट अर्ध्यावर ठेवलं, सगळ्या स्ट्रॉबेऱ्या मुकाट्याने खाल्ल्या आणि म्हणाला, "आज वेंडलकडे जात नाही. डोकं ठणकतंय."

इथे मार्लिस खरी घाबरली. वेंडल ग्रोट हा त्यांचा शेजारी, मधे एक शेत आणि एक कुंपण. दूधधंदा विकून बसलेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. ऑक्टोबरात त्याची बायको फर्न गेली आणि तेव्हापासून लाइल रोज नऊच्या सुमाराला चालत त्याच्याकडे कॉफीला जायचा. मार्लिसनेच त्याला पाठवलं होतं. "जाऊन ये, बिचारा भिंतींशी बोलत असेल. आणि चालणंही होईल तुझं." उणे पंचवीसलाही लाइलने एक दिवस चुकवला नव्हता. तो माणूस आज म्हणतोय, जात नाही.

"झोप जरा," ती म्हणाली. तो आत जाऊन पडला. बूट न काढता.

साडेनऊला मागचं दार वाजलं. वेंडल होता. कानटोपी, मोठे बूट, हातात फर्नचा निळा वाडगा, वर चंदेरी कागद लावलेला. बूट बर्फाने भरलेले म्हणून तो पायपुसण्याच्या पुढे एक इंच आला नाही.

"येत नाही मी आत. तुझी फरशी खराब होईल."

"ये रे. फरशीला काय धाड भरलीय?"

"नको नको. लाइल आला नाही म्हणून म्हटलं बघावं. बरा आहे ना?"

"डोकं दुखतंय म्हणाला."

"हां. हवाच तशी पडलीय." वेंडलने वाडगा पुढे केला. "त्याचं आहे हे. कापून बसलो होतो. म्हटलं, वाळून जाईल."

मार्लिसने वाडगा घेतला. आमच्याकडे कुणी हातात काही दिलं की आधी घेतात, मग बघतात. तिने कागदाची कड उचलली.

आत अर्धं ग्रेपफ्रूट होतं. गुलाबी, फोडी नीट सोडवलेल्या, वर साखर भुरभुरलेली.

तिने वाडगा ओट्यावर ठेवला, सांडू नये अशा बेताने, आणि मग विचारलं, "हे तो रोज खातो?"

"अर्धं तो, अर्धं मी." वेंडल खुशीत होता. "शाळेच्या शेतकी मंडळाची पोरं निधीसाठी फळं विकतात, त्यांची पेटी घेतली ना नाताळाआधी. फर्न दर वर्षी ग्रेपफ्रूटचीच घ्यायची, मीही तीच घेतली. आता एकट्याला अख्खं जात नाही गं. एक्केचाळीस वर्षं ती एक कापायची आणि अर्धं माझ्यापुढे ठेवायची. उरलेलं अर्धं मला बघवत नाही. टाकवतही नाही. लाइल होता म्हणून बरं."

"तो नको म्हणाला नाही?"

"म्हणाला की! पहिल्या दिवशी दोनदा म्हणाला." वेंडलला यात सांगण्यासारखं काहीच वाटलं नाही. "माणूस म्हणतोच ना तसं."

माणूस म्हणतोच तसं. आमच्या भागात लहान पोराला चालायच्या आधी हे शिकवतात. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, थोडंसंच' म्हणून घ्यायचं. देणाऱ्यानेही तीनदा विचारायचं, दोनदा विचारून थांबला तर तो कंजूष. यात खरं नको कुठलं आणि रीतीचं कुठलं, हे ओळखायची सोय कुणी करून ठेवलेली नाही. आणि आपल्या दुखण्याबद्दल चारचौघांत बोलणं तर आमच्याकडे कपडे काढून हिंडण्यासारखं. वेंडलला एवढंच माहीत होतं की लाइलची किडनी बदलली आणि आता सगळं बरं आहे.

मार्लिसला जन्मात कुणाला तोंडावर वाईट बोलता आलं नव्हतं.

"वेंडल, हे त्याला विष आहे."

"काय?"

"ग्रेपफ्रूट. त्याच्या गोळीशी हे चालत नाही. गोळी रक्तात साठते आणि किडनी मारते. दोन आठवडे आकडे चढतायत आणि मी इथे अक्रोड फेकत बसलेय. तू त्याला रोज विष कापून देत होतास."

शेवटचं वाक्य तिला म्हणायचं नव्हतं. पण निघून गेलं तोंडातून.

वेंडलने कानटोपी काढली. मग पुन्हा घातली. त्याचा चेहरा असा पडला की तिला तिच्या रागाची लाज वाटली, पण राग गेला नाही.

"मी साखरही घालत होतो," तो म्हणाला. "त्याला कडू लागतं म्हणून." मग हळूच, "मरेल का तो, मार्लिस?"

"माहीत नाही."

तो तसाच उभा राहिला. बुटांवरचं बर्फ वितळून पायपुसणं भिजलं. मग तो वाडगा न घेताच वळला आणि अंगणातून निघाला. कुंपणाशी तो थांबलेला तिला दिसला, पण त्याच्यामागे जायला तिला वेळ नव्हता.

ती आत गेली. लाइल पलंगाच्या कडेवर उठून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"कागद फ्रिजवर आहे," मार्लिस म्हणाली. "सगळ्यात वरची ओळ आहे. तू रोज त्याच्यासमोरून दूध काढतोस."

"अर्धंच खात होतो."

"अर्धंच!"

"त्याने कापून ठेवलं होतं गं. समोर ठेवलं आणि फर्नच्या खुर्चीकडे बघत बसला. मी काय करू? म्हटलं, एक दिवस. मग दुसऱ्या दिवशीही कापलेलं."

"पॉलेटने विचारलं तेव्हा तू समोर बसला होतास, लाइल! दोनदा विचारलं तिने."

"सांगणार होतो." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "तू म्हणालीस, आमच्या घरात येत नाही. ते काही खोटं नव्हतं."

हसावं की त्याच्या एक ठेवून द्यावी ते मार्लिसला कळेना. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती फोनकडे गेली. पॉलेटचाच फोन येत होता. सकाळचा आकडा दोन पूर्णांक तीन. पॉलेट पुढे काही बोलायच्या आत मार्लिसने सांगून टाकलं.

"आत्ताच्या आत्ता निघा," पॉलेट म्हणाली. "बॅग घेऊन या."

नव्वद मैल. रस्त्यावर वाऱ्याने बर्फ आडवं वाहत होतं आणि पुढच्या ट्रकचे दिवे दिसायचे, नाहीसे व्हायचे. मार्लिस गाडी चालवत होती. लाइल एकदा म्हणाला, "तू खाल्लंस का सकाळी काही?" तिने काहीच खाल्लं नव्हतं. दोन आठवडे ती त्याच्या बशीत काय आहे एवढंच बघत आली होती.

चार दिवस त्याला ठेवून घेतलं. गोळी थांबवली, सलाइन लावलं, सकाळ-संध्याकाळ रक्त काढलं. मार्लिस खुर्चीत बसून राहायची. दर वेळी परिचारिका आत आली की ती आधी तिचा चेहरा बघायची आणि मग हातातला कागद. हॉस्पिटलातून लाइलला सकाळी उकडलेलं अंडं, दही आणि कापलेली केळी यायची. ते कुणी धुतलं, कुणी शिजवलं हे विचारायचंही तिला सुचलं नाही. पहिल्या दिवशी आकडा चढला. त्या रात्री डॉक्टर म्हणाले, कदाचित पुन्हा डायलिसिस लागेल, तयारी ठेवा. मार्लिस बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि तोंडात रुमाल कोंबून रडली. दुसरी किडनी देण्यासारखी तिच्याकडे नव्हती. एक तिला स्वतःला हवी होती.

दुसऱ्या दिवशी आकडा तिथेच थांबला. तिसऱ्या दिवशी दोनच्या खाली आला. चौथ्या दिवशी दुपारी एक पूर्णांक सहा.

"आता घरी जा," पॉलेट म्हणाली. ती स्वतः खोलीत आली होती. "पण खरं सांगते, पूर्वीचा एक पूर्णांक दोन परत येईलच असं नाही. थोडी किडनी कायमची गेली असेल. किती, ते आत्ता कुणालाच सांगता यायचं नाही."

परतताना आकाश स्वच्छ होतं आणि दोन्ही बाजूंना शेतं पांढरीधोप. लाइलच्या मांडीवर नव्या गोळ्यांची पिशवी होती आणि त्याचे हात तिच्यावर स्थिर पडलेले होते. मार्लिस अधूनमधून त्या हातांकडे बघायची. तिची भीती गेली नव्हती. पण आता तिच्यात दुसरंच काहीतरी मिसळलं होतं, आणि ते तिला चार दिवस गिळता येत नव्हतं.

"लाइल, एक विचारू?"

"विचार."

"मी किडनी देते म्हटलं, तेव्हा तू नको म्हणालास."

"हो."

"पुन्हा विचारलं, तेव्हाही नको म्हणालास. मला वाटलं, रीत आहे. म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं आणि तू हो म्हणालास. मी फार काही विचार केला नाही तेव्हा. सोमवारी वेंडल दारात उभा राहून म्हणाला ना, माणूस म्हणतोच तसं, तेव्हापासून..." तिने गाडीचा वेग कमी केला. "तुला खरंच नको होती का?"

ती 'बरं आहे' ऐकायच्या तयारीत बसली होती.

"पहिलं नको रीतीचं होतं," तो म्हणाला. "दुसरं खरं होतं."

मार्लिसने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मला मरायची भीती वाटली." तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "तुला कापून घ्यायला लावायचं नव्हतं गं. पण भीती वाटली, म्हणून घेतली. आणि आता रोज सकाळी तू त्या बेऱ्या दोन-दोनदा धुतेस ते मी बघतो. वाटतं, माझी भीती मी तुला देऊन टाकली. वेंडलकडे तासभर बसलो की कुणी माझ्याकडे तसं बघायचं नाही. तिथे मी नुसता शेजारी असायचो."

बाजूने एक ट्रक गेला आणि गाडी हलली. मार्लिसने डोळे हाताच्या पाठीने पुसले. तिला राग आला होता, आणि त्याची दयाही येत होती, आणि सगळ्याच्या खाली ती अजून घाबरलेली होती. हे तिन्ही आता बरोबरच राहणार हे तिला कळलं.

"तू तिसऱ्यांदाही नको म्हणाला असतास ना," ती म्हणाली, "तर मी चौथ्यांदा विचारलं असतं."

"मग कळलं असतं मला, तुझं विचारणं रीतीचं नाही ते," लाइल म्हणाला. "चौथ्यांदा कुणीच विचारत नाही."

तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि थोडा वेळ नुसता धरून ठेवला. मग आरशात मागचा रस्ता मोकळा आहे ना ते पाहून तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. आठच्या गोळीच्या आत घर गाठायचं होतं.